शेडच्या स्वयंपाकिणीचा फंड

काराबील शेड,
९ मार्च १९९३

चि. क्लेमला अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र टपालाच्या ट्रकमधून गुरुवारी आलं. निम्मं वाचलं आणि ओव्हनमधली मटणाची तंगडी जळायला निघाली, म्हणून उरलेलं रात्री वाचलं. नवा कायदा झाला, आता रोजंदारीवरच्या माणसाच्या नावानेही मालकाने म्हातारपणाच्या फंडात पैसे भरायचे, असं तू लिहितोस. अरे, तो सुपर का काय म्हणतात तो फंड टायवाल्यांसाठी असतो. मी एप्रनवाली. आमच्याकडे एका शेडमधल्या मेंढ्या कातरून संपल्या की हातात पैसे, आणि पुढची शेड कुठे ते देव जाणे.

कंबर मात्र आता कुरकुरते. पिठाचं पोतं उचलताना परवा डोळ्यांपुढे काजवे चमकले. अशा वेळी बाबा आठवतात. जन्मभर मेंढ्या कातरल्या आणि शेवटी हॉटेलच्या मागच्या खोलीत, अंगण झाडण्याच्या बदल्यात पडून राहिले. तसं मरण मला नको. पण म्हणून कोणाकडे हात पसरणारही नाही. तू यात पडू नकोस.

जॉइसला सांग, लिंबाचं लोणचं बरं झालं होतं, मीठ थोडं हात राखून घाल. मुलांना पापे.

तुझी, रागावली तरी तुझीच,
नोला

पोर्ट अ‍ॅडलेड,
१६ मार्च १९९३

ती. नोलाताईस शि. सा. न. वि. वि.

पडू नकोस म्हणालीस तेव्हा मी आधीच पडलो होतो. तुमचा ठेकेदार लॉरी क्विन याला मी सरळ पत्र टाकलं आहे. शिवीगाळ केलेली नाही, जॉइसने वाचून दोन वाक्यं खोडली. एवढंच लिहिलं की माझी बहीण तुमच्या शेडमध्ये राबते, तिचा फंड तुम्ही भरायला हवा, नाहीतर मी पुढे दाद मागेन. आमच्या वीटभट्टीत झाडू मारणाऱ्या पोरीचासुद्धा भरतात. तू काय तिच्याहून कमी?

मानी बाई, तू मान सांभाळ. भांडायला मी आहे.

इकडे सगळे खुशाल. धाकटा पोहायला शिकला, म्हणजे निदान बुडायचा थांबला. लोणच्याचा निरोप दिला. जॉइस दोन तास बोलली नाही, तेव्हा असले निरोप जपून धाडत जा.

लहान भावावर आहे तेवढी माया राहू दे.
क्लेम

काराबील शेड,
२४ मार्च १९९३

चि. क्लेमला आशीर्वाद, पण आज हात आखडून.

विटा भाजता भाजता तुझं डोकंही भाजून निघालं का? शेड सोडून गेलास आणि शेडची रीतच विसरलास? अरे, स्वयंपाकीण ठेकेदाराची नसते. पहिल्या संध्याकाळी कातरणारेच मत देऊन तिला नेमतात आणि आपापल्या कमाईतून तिचा पगार काढतात. लॉरी मला एक डॉलर देत नाही.

त्याला तर तुझं पत्र म्हणजे आयतं कोलीतच. रात्रीच्या जेवणात उभा राहून त्याने ते मोठ्यांदा वाचलं, आणि वर म्हणाला की अभिनंदन गड्यांनो, तुम्ही मालक झालात, आता या बाईचा फंड भरा. स्नो मॅकआयव्हर हा आमच्या माणसांचा पुढारी. उभा जन्म मालकांशी भांडण्यात गेला त्याचा. त्याला मालक म्हणणं म्हणजे आईवरून शिवी. त्याने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता उठून गेला. त्याच्यामागे एकेक जण गेला. माझं पुडिंग तसंच राहिलं, क्लेम. असं आजवर कधी झालं नव्हतं.

सोमवारी सगळे जमणार आहेत म्हणे. मत देऊन ठेवलं तसं मत देऊन काढताही येतं. एकदा एका शेडने काढलेल्या स्वयंपाकिणीला दुसरी शेड विचारत नाही. फंड राहिला बाजूला, हातची चूलही जायची. मला भीती वाटते. तुला नाही सांगणार तर कोणाला?

नोला

पोर्ट अ‍ॅडलेड,
२९ मार्च १९९३

ती. ताईस सा. न.

गाढवपणा झाला. दुसरा शब्द नाही. काढलंच तर सरळ इकडे ये, जॉइसने मागची खोली आवरली आहे. लोणच्याबद्दल काही मनात ठेवलेलं नाही असं ती म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवला आहे, तूही ठेव.

क्लेम

काराबील शेड,
६ एप्रिल १९९३

चि. क्लेम आणि चि. सौ. जॉइस यांना अनेक उत्तम आशीर्वाद.

खोली आवरलीत, भरून पावले. पण सध्या तिथे सायकली ठेवा.

सोमवारी काय झालं ते ऐक. मेंढ्या ओल्या असल्या तर कातरताना माणसं आजारी पडतात, म्हणून शंका आली की गडी एक-दोन मेंढ्या कातरून बघतात आणि चिठ्ठ्या टाकतात. ओल्या ठरल्या की काम बंद. त्यापुढे मालकाचं काही चालत नाही. तर सोमवारी सकाळी स्नोने म्हणे जाहीर केलं की मेंढ्या ओल्या वाटतात. क्लेम, इथे नाताळापासून पावसाचा थेंब नाही. मेंढी हलवली तर धूळ उडते.

मग तो चुलीपाशी आला आणि मला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेला. म्हणाला, आमच्यातलीच आहेस तर मत द्यायचं. स्वयंपाकिणीने मेंढ्यांवर मत दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. टोपी फिरली, चिठ्ठ्या निघाल्या. एक सोडून सगळ्यांनी लिहिलं होतं, ओल्या. ती एक कोरडी कोणाची ते सगळ्यांना कळलं आणि सगळे हसले. मी तरी काय करू? मेंढी समोर ठणठणीत कोरडी उभी होती. माझ्याच्याने खोटं लिहवेना.

काम बंद पडलं. शेडचा धनी लॉरीवर ओरडला, लॉरी स्नोवर ओरडला. स्नो शांतपणे म्हणाला की आम्ही मालक नाही, आणि स्वयंपाकीण तुझ्या पगारपत्रकावर आली की मेंढ्या वाळतील. माझ्यावर राग नव्हताच, क्लेम. स्नो मला नंतर म्हणाला, एवढी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं आणि तुझ्या म्हातारपणाचा विचार आमच्या मनात आला नाही, ह्याचीच लाज वाटली. मी भांड्यांकडे तोंड फिरवून रडून घेतलं.

दुपारच्या चहाला मेंढ्या वाळल्या. आता माझा पगार लॉरी देतो, जेवणाचे पैसे गड्यांकडून कापून घेतो, आणि फंड स्वतः भरतो. पुढच्या शेडलाही मीच. फंडासाठी माझी माहिती लिहून घेताना, कामातून कधी थांबणार, असं त्याने विचारलं. आपल्या बाबांना हे कधी कोणी विचारलं नसेल. मी म्हटलं, विचार करून सांगते. आठवडा झाला, पीठ मळताना रोज तोच विचार करते आहे, आणि उत्तर द्यायची मला मुळीच घाई नाही.

भांडखोर भावावर अशीच माया करणारी,
नोला