तीनदा ओढलेलं कुलूप

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा. (डाव्याला जरा जास्त, तो जुना दुखणेकरी.) आम्ही तिघंही चाकांसकट खुशाल आहोत. तुझं पत्र दोन आठवडे आमच्या मागे फिरत होतं. सव्वीस वर्षं मी लोकांच्या दारात पत्रं टाकली, 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून शेकडो परत धाडली, आणि आज तोच शेरा माझ्या कपाळी आलाय. करावे तसे भरावे. इथल्या पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "राहता कुठे?" मी ऐटीत खिडकीबाहेर बोट दाखवलं. तेवढ्यात हिने कॅम्पर, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, सावलीत नेऊन लावली होती, त्यामुळे बोट एका झाडाकडे गेलं. बाईंनी पत्र दिलं, पण फार कणवेने बघत.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. घराला गिऱ्हाईक आलंय, विकायचं की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळव; आणि त्याला घर आतून बघायचंय, तर किल्ली पाठव. सांगतो. आधी इकडची हकिकत ऐक.

गाडीत संसार थाटून देश बघायचा, ही तुझ्या भावजयीची लग्नापासूनची हौस. मी रोज पायी सगळं गाव पालथं घालायचो आणि ती उंबऱ्यात उभी. म्हणून मुदतीआधी नोकरी सोडली नि म्हटलं, चल, काय बघायचं ते बघ. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या गाडीत तिला जागाही नाही. एकाने सदरा चढवायचा तर दुसऱ्याने खाली उतरायचं. चिमणी (नावालाच चिमणी, तेरा वर्षांची घार झालीय) अभ्यासाला बसली की चहा बंद, कारण तिचं टेबल म्हणजेच शेगडीचं झाकण.

पण खरा घोटाळा कुलपाचा. अण्णा घरातून निघायचे ते आठवतं ना? कुलूप तीनदा ओढायचे: एकदा स्वतःसाठी, एकदा शेजाऱ्यांसाठी आणि एकदा चोराचं मन मोडायला. मग कोपऱ्यापर्यंत गेलो की सगळी वरात परत, कुलूप बघायला. मावशीच्या लग्नाला आपण पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं, आणि आपले वडील समाधानाने म्हणाले होते, "पण कुलूप नीट लागलंय."

या गाडीचं मूळचं कुलूप नखाने उघडेल असं. म्हणून निघायच्या दिवशी मी आपल्या घराच्या दाराचं, अण्णांचं ते पितळी कुलूप काढून गाडीच्या मागच्या दाराला लावलं, तीनदा ओढलं, आणि मगच आम्ही निघालो. तेव्हापासून निसर्गाची जेवढी म्हणून आश्चर्यं आहेत ती मी अर्धीच पाहिली आहेत. धबधब्याचा नुसता आवाज ऐकला नि परत फिरलो. दगडी कमानीचा एक पाय मी पाहिला, दुसरा हिने. निळ्या तळ्याच्या वाटेवर तर मी अर्ध्यावरून परतलो ते बरंच झालं. चिमणी पुढे गेली असं आम्ही समजत होतो आणि ती गाडीत गणितं सोडवत होती. खिडकीतून म्हणाली, "बाबा, तुम्ही तीनदा ओढलंत, मी तीनदा हाक मारली."

मग तिला घेऊन तिघंही तळ्यावर गेलो. तळं सुंदर आहे, ताई. पण तिथे बसून मला काय आठवलं सांगू? आपल्या मागच्या खोलीतला भिंतीवरचा ओलीचा डाग. तुला त्यात घोडा दिसायचा नि मला चपटी टोपी घातलेला माणूस, आणि त्यावरून आपण एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. घराची आठवण येते. फार येते. हिला बोललो नाही. इतक्या वर्षांनी तिच्या वाट्याला सुख आलंय, त्यावर मी विरजण कशाला घालू? तेव्हा माझं उत्तर असं: घर विकून टाक.

तुझा,
पत्ता अपुरा असलेला धाकटा

ता. क. : किल्ली पाकिटात घालायला गेलो तर जुडग्यात अण्णांच्या कुलपाचीच निघाली, आणि ते कुलूप तर गाडीला आहे. मग घराला कोणतं लावलं? मला वाटत होतं हिने दुसरं लावलं, हिला वाटत होतं मी. म्हणजे पाच महिने आपलं घर नुसतं लोटून घेतलेलं आहे. गिऱ्हाइकाला किल्ली लागणार नाही, ढकललं की झालं. (हे त्याला सांगू नकोस.) तू जाऊन कडी तेवढी लाव, गुडघे सांभाळून.

आणखी ता. क. : या गोंधळात हिने वरचं सगळं पत्र वाचलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "तुम्ही कुलूप बघायला मागे फिरायचात ना, दर वेळी मला आशा वाटायची, आज घरापर्यंत जाणार." आणि डोळ्यांना पदर लावला. मग मीही माझे डोळे पुसले, तिच्याच पदराने. जागा कमी असल्याचा तेवढा एक फायदा.

शेवटचा ता. क. : वरचं 'विकून टाक' खोडणार होतो, पण पोस्टातल्या माणसाला खाडाखोड बघवत नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. गाडी वळवली आहे. चिमणी म्हणते, आत्याला लिहा, आम्ही कोपऱ्यापर्यंतच गेलो होतो, कुलूप बघायला परत येतोय.