लॉर्ड हेस्टनच्या बहिणीचा हिस्सा

मी, सत्यशीला सुंदरराव इंगोले, वय ७६, अविवाहित, इतिहासाची निवृत्त प्राध्यापक, राहणार बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कारण बाई कडू बोलली की तिचे डोके फिरले असे ठरवायची आमच्या घरात रीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. युसूफ वडगावची वडिलोपार्जित जमीन: ती माझी नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. वडील वारले तेव्हा माझा धाकटा भाऊ तानाजीराव पहिल्या निवडणुकीची तयारी करीत होता. तेराव्याचे पाहुणे पांगायच्या आत तो मला केजच्या कचेरीत घेऊन गेला. "अक्का, सही कर. घर कुठं जातंय?" एवढेच म्हणाला. मी हक्कसोडपत्रावर सही केली. माझ्या वाटणीची जमीन विकून त्याने ती निवडणूक जिंकली. पुढे आमदार झाला, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष झाला. मी त्याच संस्थेच्या कॉलेजात शिकवीत राहिले.

२. माझ्या 'लॉर्ड एडमंड हेस्टन' या चरित्रग्रंथाचे सर्व हक्क माझी विद्यार्थिनी अ‍ॅड. अंजली शहादेव वाघमारे हिला देते. हेस्टन हा तिसऱ्या जॉर्जच्या काळातला इंग्रज उमराव. मोठ्या जहागिरीत जन्मला. मूठभर मतदारांचा एक मतदारसंघ विकत घेऊन तरुणपणीच पार्लमेंटात बसला. बाप वारल्यावर लॉर्डांच्या सभागृहात गेला, मंत्री झाला. स्वातंत्र्यावर त्याने केलेली भाषणे लोक पाठ करीत. तो मतदारसंघ त्याने बहिणीच्या हिश्श्यातून घेतला होता. कॅरोलाइन तिचे नाव. दूरच्या नातलगाच्या घरी आश्रित म्हणून राहिली आणि तिथेच मेली. हेस्टनने आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात आवडत्या घोड्यांवर पानेच्या पाने आहेत. बहिणीवर एक ओळ नाही. मी तिच्यावर एक प्रकरण लिहिले.

प्रकाशनाला अध्यक्ष म्हणून तानाजीराव होता. त्याने पुस्तक उघडलेही नव्हते. हेस्टनसारखे नेते आज हवेत, असे तो अर्धा तास बोलला. सभागृहात केजचे, वडगावचे लोक होते. त्यानंतर अंजलीने, तेव्हा ती एम.ए.ला होती, कॅरोलाइनचे प्रकरण वाचून दाखवले. वाचता वाचता लोक एकेक करून तानाजीरावाकडे बघू लागले. हसले कोणी नाही. हसले असते तर त्याला सोपे गेले असते.

त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला.

"त्या गोऱ्याच्या आडून मला मारलंस, अक्का?"

मी म्हणाले, "तुझं नाव मी कुठं लिहिलंय? तुझं तूच ओळखलंस."

पुढच्या महिन्यात संस्थेने पुस्तकाच्या प्रती ताब्यात घेऊन गोदामात टाकल्या. त्यांना वाळवी लागली. प्राचार्यपदावर माझ्याहून कनिष्ठ माणूस बसवला. अंजलीला कॉलेजात नोकरी मिळू दिली नाही. ती वकील झाली आणि बीडच्या कोर्टात नाव काढले, हे त्याच्या दुष्टाव्यातून निघालेले एकमेव चांगले काम. तिने ग्रंथ पुन्हा छापावा. अर्पणपत्रिका बदलू नये. ती कॅरोलाइनला आहे.

३. माझ्या शोकसभेत तानाजीरावाने भाषण करू नये. तो आता दोन निवडणुका हरला आहे, गुडघे गेले आहेत, संस्था मुलाने बळकावली आहे. मला त्याची कीव येत नाही. यावे, बसावे, चहा घ्यावा.

४. बीडमधील माझे राहते घर, सामानासह, तानाजीरावाची मुलगी रोहिणी हिला देते. मागच्या महिन्यात ती पिशवीत स्टॅम्पपेपर घेऊन आली. तिचा भाऊ विलास याने तिच्याकडून हक्कसोड मागितली आहे. मी चहा ठेवला.

"आत्या, सही नाही केली तर माहेर तुटंल."

"मी केली होती," मी म्हणाले. "मला दिवाळीला बोलावणं आलेलं तू कधी बघितलंस का?"

ती रडली नाही. कागद परत पिशवीत घातला आणि शेवटच्या गाडीने गेली.

अंजलीने सुचवले की अट घाला: रोहिणीने त्या कागदावर सही केली तर घर तिला मिळू नये. तिचे कायद्याने बरोबर आहे. रात्रभर विचार करून मी ती अट काढायला लावली. रोहिणीने सही केली की नाही, हे मी विचारलेले नाही, विचारणारही नाही. आमच्या घरात बायकांना जे मिळाले ते काहीतरी कबूल करून घेऊनच मिळाले. हे घर तिला तसेच मिळावे. सही करून आली तरी किल्ली तिचीच.

अंमलबजावणी अ‍ॅड. अंजली वाघमारे यांनी करावी. वाचून, समजून सही केली.

सत्यशीला सुंदरराव इंगोले

साक्षीदार:
१. रामहरी भानुदास तोंडे, शेजारी, बीड
२. वत्सलाबाई माणिकराव कुटे, निवृत्त शिक्षिका, शिरूर कासार

बीड, दि. १८ नोव्हेंबर २०२४