हत्तीचा हॅशटॅग

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कापडी हत्तींचे फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकले. तू विचारशील, हॅशटॅग ही काय भानगड? अगं, फोटोला लावलेली पाटीच ती. तो शब्द कुणीही शोधला की आपला फोटो समोर. लोक तीस-तीस टॅग लावतात नि मग हात चोळत बसतात. मी मोजकेच लावले: #कापडीखेळणी, #बाळासाठीभेट, वाट सापडावी म्हणून #बाजारामागचीगल्ली, आणि तुमच्या जुन्या दुकानाचा #वाकड्याकानाचाहत्ती. जुनी गिऱ्हाइकं अजून तो शोधतात. तुझं नाव, चेहरा कुठेही नाही, निश्चिंत राहा.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी भिंगरी

८ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दुकानात पाय ठेवायला जागा नाही! एक बाई तर बाळ व्हायच्या आधीच दोन हत्ती घेऊन गेली.

पण पोरी, हे काय करून बसलीस? तो हत्तीचा टॅग तुझ्या काकांनीच सुरू केलेला. मी शिवायची, फोनवर टाकायचे ते. त्यांनी माझा हात पिरगळून मोडला, म्हणून मी गाव सोडलं. पुढे फोनवरून माग काढत आले, म्हणून फोनही सोडला. आणि तू त्यांच्याच ओळखीची पाटी माझ्या दारावर ठोकलीस! त्यांनी पाहिलंय का, तेवढं बघून कळव. ताईला सांगू नकोस, ती जेवण टाकेल.

रागावले तरी माया कमी झालेली नाही, हे जाणून असावे.

मावशी

११ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

तातडीच्या टपालाने पाठवते आहे. फोटोखाली काकांनी लिहिलंय, सापडला एकदाचा कान. फोटो, टॅग, सगळं मी काढून टाकलं. आईला सांगावंच लागलं. ती म्हणते, दुकान बंद कर नि निघून ये. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? माफ कर.

आपल्या मायेला पात्र नसलेली,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पिशवी भरली, शटर ओढलं आणि आत बसून राहिले. पावलं वाजली की जीव मुठीत. बसल्या बसल्या लक्षात आलं, तू पाट्या उतरवल्यास, त्यामुळे गिऱ्हाईक थांबेल. मी कुठे आहे हे आता एकट्या त्याला ठाऊक.

मग काल शटर वर केलं. दुपारी तो आलाच. उंबऱ्यात उभा राहून गोड आवाजात म्हणाला, घरी चल. आत दोन बायका हत्ती निवडत होत्या. मी त्यांना मोठ्याने सांगितलं, की हा माझा नवरा, यानेच माझा हात मोडला. एकीने फोन काढून त्याच्यासमोर धरला. तो मागच्या पावली गेला. शेजारच्या चष्मेवाल्या बाई मला पोलीस चौकीत घेऊन गेल्या. तक्रार नोंदवली.

तो पुन्हा येईल. म्हणून टपालाची वाट न बघता या पत्राचा फोटो चष्मेवाल्या बाईंच्याच फोनवरून पाठवते आहे. सगळे टॅग परत लाव. गल्ली, दुकानाचा नंबर आणि माझं पूर्ण नावही घाल. सोबत माझा फोटो आहे, केस विस्कटलेत, असू देत. तो यायच्या आत माझा पत्ता जितक्या जणांना कळेल तितका कळव.

लोभ असावा, आणि तो चारचौघांत असावा.

मावशी