वानगीपुरतं मरण

मु. शहादे, नाटक कंपनीचा तंबू
चैत्र वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थस्वरूप दोधूमामा यांच्या चरणी भाचा हिलाल याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा गुडघा सध्या टेकत नाही, म्हणून तूर्त सातच पोहोचती करतो. आठवं अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, आत येईल.)

इकडे सर्व क्षेम. तिकडे आपला खोकला, मामीची कंबर आणि तांबड्या बैलाचा खूर ही तिन्ही दुखणी उतारावर असतील अशी आशा आहे. मामीचा पितळी तांब्या सापडला का? म्हसावदच्या बाजारात तो हरवला आणि आपण शेजारच्या धनुबाईवर संशय घेऊन तिच्याशी बोलणं टाकलंत, हे सुकलाल गाडीवानाकडून कळलं. माणसाने एवढ्या घाईने बोलणं टाकू नये असं मला वाटतं, पण लहान तोंडी मोठा घास नको.

आता मुद्द्याचं. दिवाळीत आपण मला ओट्यावर उभं करून जी अट घातली होती ती मी एक दिवसही विसरलेलो नाही. सगळ्या ब्राह्मणपुरीदेखत आपण म्हणालात, "आखाजीपावत नाटकमा एक वाक्य बोली दखाड. नही ते ये अन् मन्हा सालदार ऱ्हाय, औत धर." त्याआधी दोन वर्षं आपण मला नंदुरबारला मिरचीच्या आडतीवर धंदा शिकायला ठेवलं होतं आणि मी तिथून उठून नाटक कंपनीत गेलो, हा आपला राग मला मान्य आहे. पण मामा, ती दोन वर्षं वाया गेली असं कृपा करून म्हणू नका. शेठजींच्या गादीशेजारी बसून (आणि शिंकून) जे शिकलो, त्याच्याच जोरावर आज हे पत्र लिहितो आहे. कंपनीत बाकीचे नट ताना घेतात, पल्लेदार भाषणं पाठ करतात, पण आपला माल खपवायचा कसा हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. ते मला ठाऊक होतं. फक्त माल म्हणून माझ्याकडे राजाच्या मागे भाला धरून उभं राहण्याचं काम होतं, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

पहिला प्रयोग मी तुटवड्याचा केला. भाव पडला की शेठजी पोती वखारीत बंद करून ठेवत आणि गिऱ्हाईक विचारत आलं की हळूच एकेक बाहेर काढत. त्याप्रमाणे एका खेळाला मी स्वतःलाच बंद ठेवलं. तंबूमागे वाहिदच्या कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसून राहिलो (वाहिद म्हणजे आमचा शिंपी, नंदुरबारचाच, सोन्यासारखा माणूस) आणि लोक "भालावाला कोठे शे?" म्हणून केव्हा ओरडतात याची वाट पाहू लागलो. कोणी ओरडलं नाही. वाहिदने भाला सिंहासनाला टेकवून ठेवला होता आणि भाल्याने एकट्याने काम इतकं चोख बजावलं की मालक खेळ संपल्यावर म्हणाले, उद्यापासून भालाच पुरे. मला दोन दिवस त्यांचे पाय चेपावे लागले, तेव्हा कुठे मी भाल्याला पुन्हा जोडला गेलो.

दुसरा प्रयोग छापाचा. शेठजींच्या पोत्यावर त्यांचा छाप असे, म्हणून मी माझ्या ढालीवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं काढली: हिलाल, मुक्काम ब्राह्मणपुरी. (आपल्या गावाचंही नाव व्हावं हा हेतू.) राणी राजाच्या पायाशी पडून रडते तो प्रवेश आमचा हुकमी, पण त्या दिवशी पुढची रांग राणीकडे न बघता ढाल वाचू लागली. शाळेत नव्याने जाणारी पोरं एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचत होती आणि "पुरी" आल्यावर टाळ्या पडल्या. राणीचं काम करणारा भीमसिंग तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ढाल उलटी धरायचा हुकूम झाला.

मग मात्र मला खरी गोष्ट सुचली, आणि सुचली तेव्हा मी पेटाऱ्यावरून टुणकन उडालो. वानगी! अहो, पोतं कोण उघडून बघतो? शेठजी मूठभर मिरची गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत आणि सौदा होत असे. तशी आपण अभिनयाची मूठ बाजारात नेऊन दाखवली तर? आमच्या नाटकात चौथ्या अंकात राजा घायाळ होऊन मरतो. ते मरण मालक स्वतः मरतात. त्यांचं वय साठ, पोट मोठं, आणि मरताना ते आधी खाली बघून स्वच्छ जागा शोधतात. मला ते मरण पाठ होतं, कारण रोज तीन हातांच्या अंतरावर उभा राहून मी तेच बघत होतो. वाहिदने राजाचा जुना अंगरखा दिला, दाढी चिकटवली, आणि आम्ही दोघं म्हसावदच्या बाजाराला गेलो. त्याने डफ वाजवून माझं नाव पुकारलं आणि मी कांद्याच्या ढिगाशेजारी घायाळ झालो.

मामा, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण मी सुरेख मेलो. मायभूमीचा निरोप घेतला, घोड्याचा घेतला, राणीचा घेतला. कांदेवाली रमिलाबाई डोळे पुसत होती (कांद्याने म्हणाल, तर ती रोज तिथेच बसते). आणि नेमका शेवटचा श्वास मी ठेवून दिला! वानगी म्हणजे मूठ, पोतं नव्हे. वाहिद ओरडला, "उरेल मरण शहादाले, तंबूमा!" लोक हळहळले. अडचण एवढीच झाली की मी उठलो असतो तर राजा बरा झाला असं दिसलं असतं आणि तंबूत कोणीच आलं नसतं. म्हणून बाजार पांगेपर्यंत मी चैत्राच्या उन्हात अर्धामेला पडून राहिलो. एक माउली आली, तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात पाणी घातलं. तेवढं पाणी मिळालं नसतं तर उरलेलं मरणही तिथेच झालं असतं. नाकाची साल मात्र निघाली ती निघालीच.

परवाच्या खेळाला म्हसावदहून अकरा गाड्या आल्या. मालक खूश. चौथा अंक आला, मालकांनी जागा शोधली, निरोप घेतले, मेले. मग म्हसावदचे उदेसिंग पाटील उभे राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न केला. "वानगी एक दखाडी अन् माल दुसरा देतस का?" माझं सोललेलं नाक रंगाखालीही लपत नव्हतं, त्यामुळे मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. अकरा गाड्यांची माणसं उठून उभी. "हाऊ राजा आम्हले नको! भालावाला मराले पाहिजे!" कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही, हे लक्षात घ्या. वानगीसारखा माल निघाला नाही तर गाडी परत फिरवायची, एवढाच त्यांचा रिवाज, आणि ते खरोखरच बैल जुंपायला निघाले. तेव्हा मेलेले मालक डोळे न उघडता पुटपुटले, "मर बाबा, पण लवकर मर."

आणि मी मेलो! भाल्यावर रेलून, गरगर फिरून, ढालीवर धाडकन! तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. वन्समोअर! पुन्हा मेलो. पुन्हा वन्समोअर! तिसऱ्या मरणात गुडघा गेला, पण त्या आनंदात मला तो कोणा दुसऱ्याचा वाटला. काल मालकांनी मला बोलावून नव्या नाटकात काम दिलं आणि हस्तपत्रकावर माझं नाव छापलं. मामा, छापलं! सोबत एक प्रत जोडतो. ओट्यावरच्या सगळ्यांना दाखवा आणि आखाजीसाठी दुसरा सालदार बघायला लागा.

आपला नम्र आणि छापील भाचा,
हिलाल

ता. क. आपल्याशी खोटं बोलवत नाही. आपली अट वाक्याची होती, आणि वाक्य झालेलं नाही. सगळे निरोप मी वानगीतच बोलून बसलो होतो. शिल्लक ठेवला होता तो श्वास, आणि श्वासाला शब्द नसतात. तंबूत मी तीनदा मेलो ते मुक्यानेच. शेठजींच्या आडतीवर कोणी अशी वानगी काढली असती तर त्याला त्यांनी वखारीत कोंडलं असतं. नव्या नाटकातलं माझं काम प्रेताचं आहे. पडदा उघडतो तेव्हा मी मेलेलो असतो आणि पहिला अंकभर मेलेलाच राहतो. मालक म्हणतात, लोकांना तुझं मरण हवं आहे, भाषण कोणी मागितलंय? त्यांनाही धंदा कळतो हे मला फार उशिरा कळलं. हस्तपत्रक कृपया कोणाला दाखवू नका.

आणखी ता. क. खरी विनंती अशी. आखाजीच्या आदल्या दिवशी इथे शेवटचा खेळ आहे. आपण दोन गाड्या भरून या आणि पुढे बसा. मी पडलेला दिसलो की उभे राहून एवढंच म्हणा, की वानगीतला माणूस बोलत होता. आपल्या शब्दाला तालुक्यात वजन आहे. भुईमुगाचं बी वानगीसारखं नव्हतं म्हणून आपण भरलेली गाडी नंदुरबारच्या वेशीतून परत फिरवली होती, आणि मी लहान होतो, त्या गाडीत पोत्यांवर बसलो होतो. वानगीचा धडा मला शेठजींनी नाही, आपण शिकवलात. मला अजून बोलायचं आहे, मामा. फार बोलायचं आहे.

शेवटचा ता. क. वानगी आपण पाहिली नाही म्हणून साक्ष कशी देऊ, असं म्हणाल, तर ती मामीने पाहिली आहे. बाजारात मला पाणी पाजणारी माउली तीच. मला वाटलं पुकारा ऐकला नसेल आणि दाढीत ओळखलंही नसेल, पण ती कानाशी वाकून म्हणाली, "हिलाल, ऊठ आते, ऊन लागी जाई. चांगला मरस रे तू. तुन्हा मामाले मी काही सांगत नही." आणि भरलेला तांब्या माझ्या उशाशी ठेवून गेली. तेव्हा धनुबाईशी उद्याच बोला. तांब्या सुकलालबरोबर पाठवणार होतो, पण विचार केला की तो हरवलेला नाही, मामीने मला इसार दिलेला आहे. सौदा मोडेपर्यंत इसार परत जात नाही. आखाजीला एक तर मी बोलेन आणि तुम्ही दोघं ऐकाल, नाहीतर पहाटे तांब्या घेऊन मी औताला हजर होईन.