संदर्भसूचीत बाईंची जागा

पालम,
सोमवार, दुपार

ती. त्रिवेणीअक्का हिला पालमहून महालिंगाचे शरणार्थ. सोनपेठला तुम्ही सगळे सुखात असाल असं धरून चालतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे. हे पत्र नातवंडांकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. माझा गुडघा दुकानाच्या पायरीवर कुरकुर करतो, गल्ल्यावर बसलं की गप्प होतो. तुझी भावजय भागम्मा बरी आहे (मी बरा नाही असं तिचं मत आहे, आणि त्याचं कारण खाली येईलच).

कारण असं की या वयात मी लेखक झालो. आमची सून शिवरंजनी कॉलेजात मराठी शिकवते हे तुला ठाऊक आहे. मी साखर तोलताना शाळेतल्या कविता गुणगुणतो, ते तिनं ऐकलं आणि विचारलं, अप्पा, या चाली कुणी कुठं लिहून ठेवल्यात का? नव्हत्या ठेवल्या. अक्का, ती होडीची कविता आठवते ना? पुस्तक एकच, शब्द तेच. पण पालमच्या शाळेत ती एका चालीत म्हणत, सोनपेठला दुसऱ्या, आणि आपल्या गावच्या शाळेतली चाल होती ती मनकर्णाबाईंची स्वतःची. येलदरीच्या धरणाचं काम चाललं होतं त्या वर्षांत बाई आपल्याकडं आल्या. खिडकीशी उभ्या राहून शेवटची ओळ त्या अशी लांबवायच्या की बाहेर चरणारी गुरंसुद्धा मान वर करायची (हे मी लेखात लिहिलं होतं; त्याला संदर्भ मागितला गेला).

तर या चालींवरचा माझा लेख सुनेनं एका संशोधन पत्रिकेला पाठवला आणि त्यांनी तो घेतला. अट एकच, महिनाअखेरपर्यंत संदर्भसूची नियमाप्रमाणं करून द्यावी, नाहीतर लेख परत. मला लेखाचं कौतुक नको आहे. त्या सूचीत बाईंचं नाव छापून यावं, एवढ्यासाठी मी बसलो होतो. त्यांचं नाव कुठं छापलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

आता सूची म्हणजे मानानं नावं लावायची, असा माझा समज. गल्लीतल्या निम्म्या लग्नपत्रिकांचा मजकूर मीच करून दिलेला, हात बसलेला. वर 'श्री वीरभद्र प्रसन्न' घातलं. खाली आधी दिवंगत मंडळी, मग वयानं वडील, मग बाकीचे. सगळ्यांत वर कै. गुरुवर्य मनकर्णाबाई. त्यांच्या खाली आपले लिं. बाबा, कारण ते पाठ्यपुस्तक त्यांनीच बाजारातून आणून दिलं होतं. मग कवी, मग संकलक, आणि अगदी शेवटी 'आपले नम्र' म्हणून छापखाना. चार दिवस त्यात गेले आणि मला ती सूची फार देखणी वाटली. संपादक मॅडमचं उत्तर आलं: देवाचं नाव काढावं. श्री., सौ., कै., गुरुवर्य हे सगळं काढावं. आडनाव आधी, नाव मागून, आणि क्रम अकारविल्हे. शिवाय त्यांनी नम्रपणे विचारलं होतं, की 'लिं.' हे लेखकाच्या नावाचं आद्याक्षर आहे काय (दिवंगताच्या नावाआधी आपल्यात 'लिंगैक्य' म्हणून ते लावतात, हे त्यांना कसं ठाऊक असणार).

मी काढलं सगळं. उघड्या डोक्याची ती नावं बघवत नव्हती. कवींच्या पणतूच्या वयाचा एक संशोधक, आडनाव 'अ'वरून म्हणून पहिल्या पाटावर, आणि कवी पार खाली 'व'च्या पंगतीत. भागम्मा म्हणाली, तुमी जेवून घ्या आधी.

त्यात आणखी एक नियम निघाला. मी आधाराला घेतलेल्या गीतसंग्रहाचे पाच संकलक होते. पहिल्याचं नाव लिहायचं आणि पुढं नुसतं 'व इतर'. अक्का, आमच्या वैभवच्या लग्नपत्रिकेत धाकट्या मामांचं नाव 'समस्त आप्तेष्टां'त गेलं होतं, तेव्हा ते अख्खं लग्न बसस्टँडवर बसून होते, हे तू पाहिलं आहेस. मी पुन्हा ते पाप घेणार नव्हतो. पाचांपैकी एक दिनकरराव परभणीत हयात आहेत असं कळलं, म्हणून एसटीनं त्यांच्या घरी गेलो, नारळ ठेवला आणि क्षमा मागितली. त्यांनी आधी नारळ उचलून बघितला. म्हणाले, "मी पुस्तक काढलंय? लय दिवस झाले असतील. एखादी प्रत असली तर मला बी द्या." मग 'इतर' म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर खूश झाले. "तिथंच राहू द्या मला. चुका निघाल्या तर लोक पहिल्याचंच नाव घेतेत." नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला.

एवढं होऊन बाई बाहेरच. नियम असा, की जे छापलेलं किंवा जपून ठेवलेलं नाही ते सूचीत येत नाही. बाईंनी पुस्तक लिहिलं नाही. त्यांनी जे केलं ते आपल्या गळ्यात ठेवलं, आणि गळ्याला पृष्ठांक नसतो. त्या रात्री मी जेवलो नाही. शेवटी शिवरंजनीनंच मॅडमना फोन करून वाट काढली: चाल म्हणून दाखवून ध्वनिमुद्रण करावं, ते विद्यापीठाच्या संग्रहात जमा करावं, म्हणजे चाल बांधणारीच्या नावानं सूचीत नोंद करता येईल. मी दुकानातच बसून, सुनेच्या मोबाइलवर, डोळे मिटून ती कविता म्हटली. दुसऱ्या कडव्यात कुणीतरी "अप्पा, तुरीची डाळ काय भाव हाय?" असं मोठ्यानं विचारलं, आणि मी चाल न सोडता भाव सांगितला. वैभव म्हणाला, आता गिऱ्हाइकालाही सूचीत घ्या. पण संग्रहवाल्यांनी ते मुद्रण ठेवून घेतलं आहे. काम जवळजवळ झालं म्हणायचं.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा, आणि चुलीपाशी जाऊ नकोस. घरातल्या लहानांना आशीर्वाद. भागम्माचा तुला नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
महालिंग

ता. क. जवळजवळ म्हणालो, कारण नोंदीत पहिला रकाना आडनावाचा आहे आणि बाईंचा तो रकाना रिकामा आहे. त्यांची आई दारातून 'मनकर्णे' अशी हाक मारायची म्हणून नाव तरी कळलं. आडनाव कधी कुणी विचारलंच नाही. आपल्याला 'बाई' पुरलं. गावी शाळेत जाऊन आलो. इमारत नवी, माणसं नवी. बाई कुठून आल्या, सासर सोडून आल्या की कसं, हे मोठी माणसं आवाज खाली आणून बोलत आणि आपण आलो की थांबत. मुलींची वेणी घालायला त्या खोलीवर बोलवत. तू तर संध्याकाळ संध्याकाळ तिथं असायचीस. तुला काही बोलल्या असतील. माहेरचं, सासरचं, जे त्यांना आपलं वाटत होतं ते, मला कळव. पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २. पाकीट बंद करताना मनात आलं, की बाईंनी तुझ्याकडून वचन घेतलं असेल. तसं असेल तर सांगू नकोस, अक्का. शिवरंजनी म्हणते नियमात सोय आहे, आडनाव नसेल तर नुसतं नाव चालतं. मी नुसतं 'मनकर्णाबाई' लिहून पाठवीन. तू मला एका ओळीत एवढंच कळव, की तुला ते माहीत आहे. कुणाला तरी माहीत आहे एवढं कळलं, की मी पुन्हा विचारणार नाही.