मंगळवारचं पाणी

१ ऑक्टोबर, बुधवार

काल मध्यरात्री सरकार बंद पडलं. वॉशिंग्टनमध्ये खर्चाचं बिल अडलंय. नियम असा, की आज फक्त चार तास ऑफिसात यायचं, आवराआवर करायची आणि घरी जायचं. माझं दोन तास दहा मिनिटांत झालं. उरलेल्या वेळात पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या. गेटची किल्ली जमा केली आणि सक्तीच्या रजेच्या पत्रावर सही केली. पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या नीलने न वाचताच सही ठोकली.

पत्र स्पष्ट आहे. बंद असेपर्यंत आमच्या जंगल-संशोधन केंद्राचं कुठलंही काम करायचं नाही, फुकटसुद्धा नाही. हद्दीत पाऊल टाकायचं नाही. लॅपटॉप उघडायचा नाही.

काळजीचं कारण नाही. नमुना कालच घेतला, क्रमांक ३,२८७. १९६२ पासून दर मंगळवारी, सकाळी दहाच्या आत, आमच्या ओढ्याचं एक लिटर पाणी. एकही मंगळवार चुकलेला नाही. पुढचा मंगळवार सात तारखेला. तोवर मिटेल. मोठी माणसं आहेत ती.

केंद्राचे प्रमुख डॉ. हेंडरशॉट यांनी निघताना पुन्हा सांगितलं, की बंद करायच्या केंद्रांची यादी बनतेय आणि आपल्याकडे दाखवायला या न तुटलेल्या रेकॉर्डशिवाय काही नाही. मग ते माझ्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मी जबाबदारीने मान हलवली.

४ ऑक्टोबर, शनिवार

संकल्प: (१) मातीच्या रसायनशास्त्राचं जाड पुस्तक संपवणे. (२) रोज पाच मैल चालणे. (३) बातम्या दिवसातून एकदाच बघणे.

आज बातम्या अकरा वेळा बघितल्या. पण पाच वेळा रेडिओवर, ते बघणं होत नाही.

आईचा फोन. म्हणाली, "केझिया, सरकार असं दुकानासारखं बंद कसं करतात गं?" मी समजावलं. आई म्हणाली, नियम असेल तर पाळायचा, बास. आम्ही सात भावंडं तिच्याकडेच घरी शिकलो. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे शाळा. परीक्षेच्या वेळी आई गाई दोहायला जायची आणि उत्तरांचं पुस्तक टेबलावरच ठेवून जायची. मी कधी उघडलं नाही. एकदा नुसती नजर गेली म्हणून स्वतःचे दोन मार्क कापले. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी १०.२०

पाचला उठले. साडेनऊला गेटसमोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा आहे, आपला नाही, त्यामुळे चालतं. ओढा ऐकू येत होता. ऐकणं हे काम नव्हे.

दहा वाजले.

घरी येऊन नीट विचार केला. नियमावलीत 'साप्ताहिक नमुना' असा शब्द आहे. आठवडा सोमवारपर्यंत असतो. म्हणजे अजून काही तुटलेलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डार्लीनच्या कॅफेवर पाटी: 'सरकारी माणसांना सूप फुकट.' केंद्रातले आम्ही सात जण दुपारी तिच्याकडेच जेवायचो, जंगलात कॅम्पिंगला येणारेही तिथेच. आता जंगलच बंद. कॅफेत एकटी मी.

मी विचारलं, सुपाची किंमत किती धरायची? भेटवस्तू वीस डॉलरच्या आत असावी लागते, वर्षभराची बेरीजही ठेवावी लागते. डार्लीन म्हणाली, "अगं बाई, वाटाण्याचं सूप आहे ते, लाच नाही!" मी म्हटलं, तरी पावती दिलीस तर बरं. ती म्हणाली, "पावती देते, आणि ती सुपात बुडवून खा." तिने वर मांस-बटाटा भरलेली एक पास्टी कागदात गुंडाळून दिली. मी ती परत ठेवली. मागच्या टेबलावरचं कुणीतरी हसलं, म्हणजे बहुधा फ्रीज असावा.

तिने दुपारी कामाला ये म्हणून विचारलं. मदतनीस मुलीला काढलंय, थोडे पैसे देईन म्हणाली. मी सांगितलं, बाहेरचं काम करायला आमच्या नीतिविषयक कार्यालयाची लेखी परवानगी लागते. घरच्या ईमेलवरून अर्ज पाठवला. दोन सेकंदांत उत्तर आलं! 'निधीअभावी कार्यालय बंद आहे.'

तत्पर लोक आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दहा वाजून गेले. नियमावली, पान ४०: पुरामुळे नमुना घेता आला नाही तर त्या जागी 'पू' लिहावं, रेकॉर्ड अखंड समजावा. शटडाऊन हा एक प्रकारचा पूरच आहे. माणसाच्या हाताबाहेरचा. आता पूर दोनदा आला असं धरायचं.

मातीच्या रसायनशास्त्राचं पान ६.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

नीलला ग्रीन बे शहरातल्या एका गोदामात नोकरी लागली. परवानगी घेतलीस का, असं विचारलं. म्हणाला, "केझिया, तू झोपतेस तरी कधी?" याचा परवानगीशी संबंध कळला नाही.

आलेख महिन्याच्या सरासरीवर काढतात. म्हणजे ऑक्टोबरात एक नमुना मिळाला तरी पुरे. अजून दहा दिवस आहेत. खरं तर परिस्थिती सुधारतेय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सविस्तर लिहायला हवं.

९.५० ला काउंटीच्या रस्त्यावर होते. झाडीतून मिस्टर लाम्पी बाहेर आले. गुडघा धरून, हातात लिटरची बाटली, भरलेली. मिस्टर लाम्पींनी माझ्याआधी एक्केचाळीस वर्षं हे काम केलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. बायकोला पुरलं त्या सकाळीसुद्धा ते काळ्या सुटात ओढ्यावर गेले होते, गावात सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, मिस्टर लाम्पी, तुम्ही हद्दीतून आलात. म्हणाले, "हद्दीतूनच आलो. ओढा हद्दीतच आहे ना पोरी, तो कुठे जातोय?" मी म्हटलं, बिनपगारी काम कायद्याने बंद आहे, स्वयंसेवकांनाही. म्हणाले, "मी काम नाही केलं. तहान लागली होती."

मग मी म्हटलं, रेकॉर्ड तुमच्या काळात कधी असा बेकायदा ठेवला गेला नाही. ते इतके हसले, की झाडाला धरावं लागलं. "पंचाण्णव साली काय झालं असं वाटतं तुला? तेराला? अठराला? सरकार बंद होतं तेव्हा पाणी आपण होऊन बाटलीत शिरलं?"

मी काउंटीच्या रस्त्यावर खाली बसले.

ते म्हणाले, या वेळच्याही तिन्ही मंगळवारच्या बाटल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाजूच्या फ्रीजमध्ये आहेत, बिअरच्या मागे. तारीख, वेळ, तापमान, सगळं लिहिलेलं. "आता हीही ठेवतो. तू काही बघितलं नाहीस. घरी जा, कॉफी पी."

पण मी बघितलं होतं. उत्तरांचं पुस्तक उघडं होतं.

मी त्यांना समजावलं, की हे उघडकीला आलं तर त्यांच्या पेन्शनला धोका आहे. मलाही आहे, माझं प्रोबेशन चालू आहे. आणि मुख्य म्हणजे असा रेकॉर्ड खरा रेकॉर्ड नव्हे. बराच वेळ बोलले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरं." बाटली माझ्या हातात दिली. त्यांच्या घरी जाऊन बाकीच्या तीनही घेतल्या. त्यांनी दार उघडलं, फ्रीज उघडला. चारही बाटल्या घरी आणून सिंकमध्ये ओतल्या आणि प्रत्येक बाटली तीनदा विसळली, पद्धतीप्रमाणे.

कठीण होतं. पण केलं. मार्क कापले तेव्हासारखं हलकं वाटायला हवं. वाटेल.

दुपारी नीतिविषयक कार्यालयाला सगळा प्रकार कळवला, नाव न घालता. निधीअभावी बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बर्फ पडला. ओढ्याला काठाने पापुद्रा धरलाय. म्हणजे रस्त्यावरून तसं वाटतं.

ऑक्टोबर गेला. हरकत नाही. वार्षिक सरासरी हीच खरी शास्त्रीय गोष्ट.

मिस्टर लाम्पी पोस्टात भेटले. मी गुड मॉर्निंग म्हटलं. त्यांनी टोपीला हात लावला आणि बाहेर गेले. गुडघ्यामुळे घाईत असावेत. डार्लीनने मात्र सगळं ऐकलेलं दिसलं. म्हणाली, "कसं गं जमतं तुला? साठ वर्षं लोकांनी सांभाळलेलं, आणि तू भांडी घासल्यासारखं..." सोमवारपासून कॅफे फक्त शनिवार-रविवार उघडा. सुपाची पाटी काढली. मीच एकटी येत होते, आणि मी तर पैसे देत होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ९.००

ठरलं. आज मी स्वतः जाणार. कायदा मोडणार, शिक्षा भोगणार. बाटली, थर्मामीटर, पेन्सिल. पाठीमागच्या कुंपणाची तार ढिली आहे, ते उन्हाळ्यातच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं.

११.१५

एक पाय आत गेला होता. मग लक्षात आलं, की आज सैनिक-दिनाची सुट्टी आहे. सरकार चालू असतं तरी ऑफिस बंदच असतं. सुट्टीचा मंगळवार मोजायचा की नाही, हे नियमावलीत शोधायला घरी आले. सापडलं नाही.

मिस्टर लाम्पी सुट्टीलाही जायचे. पण तो त्यांचा स्वभाव.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल उशिरा बिल मंजूर. आज सगळे हजर, नील सोडून. मी पावणेआठलाच आले. पेन्सिली जागेवर होत्या.

डॉ. हेंडरशॉट कोट न काढता थेट माझ्याकडे आले. उत्साहात होते. दार लावून हळूच म्हणाले, "वेनो लाम्पी येऊन गेला का? बाटल्या कुठे आहेत? सहा असतील. उद्या यादी पक्की होतेय, आजच आकडे पाठवतो."

त्यांना माहीत होतं. पंचाण्णवचंही. सगळ्यांनाच माहीत होतं. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे तसं का बघत होते, ते आज कळलं.

मी सांगितलं, चारच होत्या. मग पुढचं सांगितलं. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "वेनोने ऐकलं तुझं?" मी म्हटलं, हो, मी नीट समजावलं. त्यांनी आता कोट काढला. शेवटी म्हणाले, "तुझी चूक नाही, केझिया. पत्रात तसंच लिहिलं होतं." हे त्यांनी लेखी द्यावं असं वाटलं, पण विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आमचं नाव यादीत आहे. केंद्र ३१ डिसेंबरला बंद. डार्लीन कॅफे विकतेय, पण घेणार कोण?

सकाळी ओढ्यावर गेले नाही. प्रयोगशाळेने नमुने पाठवू नका म्हणून कळवलंय.

समारोपाचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. रेकॉर्डमधल्या खंडाचं कारण: पूर, बर्फ, उपकरणात बिघाड, इतर. 'निधीअभावी' असा पर्याय नाही. 'इतर'वर खूण केली. खुलासा एका ओळीत द्यायचा. आधी 'पू' लिहिलं, खोडलं. मग 'कोणी गेलं नाही' लिहिलं. तेही खोडलं, खरं नव्हतं. चार वाजेपर्यंत बसले होते.

शेवटी लिहिलं: एक जण जात होता. मी अडवलं.

ओळीत बरीच जागा उरली.