इस्त्रीखान्याने फिरवलेली पाठ

आधी उशिराची माफी मागतो. हा कागद बायको होती तेव्हाच लिहायला हवा होता. तीन वेळा कोरे कागद आणले आणि तीनही वेळा त्यांवर दुसरंच काहीतरी लिहून टाकलं. आता हात थरथरतो. अक्षर लागलं नाही तर वकिलाच्या कारकुनाला विचारावं, त्याच्यासमोर लिहितो आहे.

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा धुलाई कारखान्यात बॉयलर चालवणे, आता काही नाही, असे लिहून देतो की माझे डोके ठिकाणावर आहे. एक कान गेला, दोन्ही गुडघे गेले, पण डोके आहे. हे माझ्यावर दबाव टाकून कोणी लिहून घेतलेले नाही. दबाव टाकायला माणूस घरात यावा लागतो.

माझ्यामागे एक मुलगी आहे. एकतीस वर्षं ती इथे राहत नाही. पोरी, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात हे मला कळतं. तरी याची एक नक्कल कारकून तुला आधीच पाठवणार आहे. कारण शेवटी येईल.

कलम पहिले. पुतण्याविषयी. हा खालच्या मजल्यावर राहतो. गेल्या उन्हाळ्यात मी झोपलो आहे असं समजून त्याने माझ्या खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि बायकोला ओरडून सांगितलं, "कपाट बसतंय गं, पण म्हाताऱ्याची खाट काढावी लागेल!" घाईत मोजपट्टी इथेच विसरला. ती मोजपट्टी मी त्याला देतो. बाकी काही नाही.

कलम दुसरे. हत्यारे. नटबोल्ट आवळायचे दोन पाने, एक फावडे, वाफेचा दाब दाखवणारा जुना काटा आणि वाफेच्या मुख्य नळीवरचे लोखंडी चाक. हे चाक मी कारखान्यातून विचारून आणलेले नाही. चोरले म्हणा. हे कामगार सभेच्या खोलीत भिंतीवर टांगतील म्हणून इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. आता टांगू नये. भंगारात द्यावे. का, ते पुढच्या कलमात.

कलम तिसरे. कारखान्याच्या दारावरचा दगडी फलक. त्यावर लिहिलं आहे की याच दारात बायकांची झडती घेण्याची चाल बॉयलरवाल्याने एकोणीस दिवस वाफ बंद ठेवून मोडून काढली. हा मजकूर खोटा आहे. फलक बसवणारा सभेचा माजी चिटणीस, त्याला सगळे फलकवाला म्हणतात, अजून जिवंत आहे. माझी छिन्नी मी त्याला ठेवतो. त्याने स्वतःच्या हाताने माझं नाव त्या दगडावरून काढावं. त्याचा हातही थरथरतो, माहीत आहे. थरथरू दे.

आता खरं काय झालं ते लिहितो. कारकून म्हणतो, "काका, मृत्युपत्रात एवढं लागत नाही." मला लागतं.

आमच्या कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला यायच्या. इस्त्रीखान्यात साठ बायका. माझी बायको त्यांत, पुढे मुलगीही. संध्याकाळी सुटताना प्रत्येकीला दाराजवळच्या पडद्यामागे जावं लागे. पोटाशी टॉवेल गुंडाळून नेते आहे का, हे बघायला एक बाई ठेवली होती. तिचा नवरा पिळणीच्या यंत्रात दोन्ही हात गमावून घरी बसला, त्याची भरपाई म्हणून मालकाने तिला हे काम दिलं. तिला आम्ही पडदेवाली म्हणायचो. तिचे हात थंड असायचे, असं बायको सांगायची. यापलीकडे ती कधी काही सांगत नसे.

मी त्या वेळी सभेचा पुढारी होतो. म्हटलं, वाफ माझ्या हातात आहे. वाफ नाही तर इस्त्री नाही, इस्त्री नाही तर मालक नाही. बायको म्हणाली, "नुसत्या तापल्या इस्त्रीने कापड जळतं. आधी पाणी शिंपडावं लागतं. त्या पडदेवालीशी कोणी चार शब्द बोललंय का?" मी म्हणालो, "तू चादरी बघ." सगळे हसले. ती पण हसली, पण मला ते हसू आवडलं नव्हतं, हे आता आठवतं.

इस्त्रीखान्याची एक जुनी रीत होती. एखादं माणूस फितूर झालं तर सगळ्या बायका एकदम तीन वेळा इस्त्र्या टेबलावर आपटत. त्या क्षणापासून त्या माणसाला कोणी तोंड दाखवायचं नाही. बोलायला बंदी नाही, द्यायला-घ्यायला बंदी नाही, फक्त पाठ करून. दुकानदारानेसुद्धा पाठ करून तोलायचं, मागे हात करून पुडी द्यायची. आधी ही रीत कारखान्याच्या आत होती. मी ती गल्लीत आणली. संपाच्या दुसऱ्या दिवशी पडदेवालीवर पाठ फिरवायचा ठराव मीच मांडला. मार नाही, शिवी नाही. याच्याइतकं जालीम हत्यार मी दुसरं बघितलेलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

आठ दिवसांनी कळलं, माझी मुलगी रोज पडदेवालीच्या घरी डबा घेऊन जाते. तिच्या नवऱ्याला भरवते. आणि समोर बसून बोलते. तोंड दाखवून.

सभेत कोणीतरी विचारलं, "पुढाऱ्यांच्या पोरीचं काय करायचं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." इस्त्र्या आपटल्या. घरी येऊन सगळ्यांत आधी मी पाठ फिरवली. बायकोने चुलीकडे तोंड केलं ते तसंच ठेवलं. पोर नऊ दिवस आमच्या पाठी बघत जेवली. जाताना म्हणाली, "बाबा, तुमचं तोंड विसरले तरी चालेल. पाठ मात्र कुठेही ओळखीन." मी वळलो नाही. पायजम्याची नाडी बांधत असल्यासारखं केलं.

ती गेली तो दिवस संपाचा एकोणिसावा. आता फलकावर नाही ते लिहितो. सतराव्या दिवशीच मालकाने मागच्या फाटकातून चाकांवरचा बॉयलर आणला होता. वाफ सुरू झाली होती. इस्त्रीला बाहेरगावच्या बायका येणार होत्या. मी हरलो होतो, आणि हे फक्त मला आणि फलकवाल्याला माहीत होतं. एकोणिसाव्या दिवशी नव्या बायका कामावर आल्या. संध्याकाळी त्या सुटल्या तेव्हा पडदेवालीने पडदा काढला, घडी घातली आणि मालकाच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "माझ्या घरी एक पोरगी रोज येऊन माझ्या नवऱ्याला भरवते. उद्या तिच्या अंगाला हात लावायचा म्हणजे मला जमणार नाही." मालकाने दुसरी बाई शोधून पाहिली. एकही तयार होईना. गल्लीची पाठ सगळ्यांनी बघितली होती. एवढं माझं. तेवढं मात्र माझं आहे, ते मी सोडत नाही. भीती मी घातली. पण भीतीने पडदा निघाला नसता, तो पोरीच्या डब्याने निघाला. दोन दिवसांनी झडती बंद झाल्याचा कागद दारावर लागला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी खांद्यावर बसलो.

त्याच दिवशी पडदेवालीवरची पाठ उठवायला हवी होती. पण पाठ फिरवायची कशी हे नियमात होतं, उठवायची कशी हे नव्हतंच. कोणी कधी उठवलीच नव्हती. फितूर लोक गाव सोडून जायचे, प्रश्न यायचा नाही. पडदेवाली गेली नाही. लुळा नवरा घेऊन जाते कुठे? सगळे माझ्या शब्दाची वाट बघत राहिले. मी बोललो नाही. लोक तिच्याकडे वळले असते तर तिला विचारलं असतं, तिने सांगितलं असतं, आणि मग फलकावर कोणाचं नाव आलं असतं? फलकवाला म्हणाला, "राहू दे की. एका बाईचा तर प्रश्न आहे." मी राहू दिलं.

तिचा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला चौघे गेले, पण तिच्याकडे पाठ करून. आता ठराव करणाऱ्यांपैकी निम्मे मेले. गेल्या महिन्यात शेजारच्या घरात नवी सून आली. आठ दिवसांची सून. पडदेवाली नळावर आली तशी तिनेही पाठ केली. मी खिडकीतून विचारलं, "का गं, तुला काय केलं तिने?" म्हणाली, "काही नाही, आजोबा. इथे असंच करतात ना?"

बायकोविषयी. आजारपणात तिने तीन वेळा म्हटलं, "पोरीला कळवा." मी तीनही वेळा म्हणालो, उद्या. वर कोरे कागद म्हटले ते हेच. पत्र लिहायला घ्यायचो आणि सभेचा अहवाल लिहून बसायचो. चौथ्या वेळी तिने मागितलं नाही. भिंतीकडे कूस वळवली. मला पाठ कशी लागते हे तेव्हा कळलं, पण उपयोग नव्हता.

कलम चौथे. ही खोली, आतल्या भांड्यांसह, पडदेवालीला द्यावी. दोन वर्षं माझे गुडघे चालत नाहीत. दुपारी तीच डबा आणते. मी दाराकडे पाठ करून बसतो. "ठेव," म्हणतो. ती म्हणते, "ठेवला." दोन वर्षांत आमचं बोलणं एवढंच. मी वळत नाही. समोरच्या खिडक्या उघड्या असतात.
हे कलम रद्द. खाली पाहावे.

कलम पाचवे. मुलीला तिच्या आईची इस्त्री द्यावी. जास्त काही ठेवलं तर ती परत पाठवेल, स्वभाव माझाच आहे. आणि पोरी, एक सांगतो, रागव हवं तर. तूही एकतीस वर्षं पाठच फिरवलीस. मला निदान सभेने सांगितलं होतं. तुला कोणी ठराव करून दिला होता?
नाही, हे खोडत नाही, राहू दे. पण त्यानंतर हेही लिहितो की चूक माझी.

कलम सहावे. मेल्यावर मला भिंतीकडे तोंड करून ठेवू नये. दाराकडे ठेवावे. कोण येतं ते बघायचं आहे.

साक्षीदारांविषयी. पहिला साक्षीदार कारकून. दुसरा म्हणून फलकवाल्याला बोलावलं. तो म्हणाला आधी वाचतो. कलम तीन वाचलं, चष्मा काढला आणि उठला. जिना उतरताना कोणाला काय सांगितलं ठाऊक नाही. त्यानंतर कारकुनाने चार दारं वाजवली. चौथ्या दारातून त्याला उत्तर मिळालं, पण बोलणाऱ्या बाईचा अंबाडाच दिसला म्हणाला. म्हणजे गल्लीने आता माझ्यावरही पाठ फिरवली.

इतक्यात डबा आला. कारकून म्हणाला, "या बाई आहेत की." आणि मग जीभ चावून म्हणाला, "पण काका, ज्याला मिळकत मिळते तो साक्षीदार चालत नाही. एक तर खोली, नाही तर सही."

मी पाठ करूनच विचारलं, "काय करतेस, बाई?"

ती म्हणाली, "खोली घेऊन काय करू? तिच्या समोर तुमच्याच लोकांच्या सगळ्या खिडक्या. सही करते."

म्हणून कलम चौथे रद्द. खोली मुलीची. चांगलं एक काम करायला निघालो होतो, तेही तिच्याच खर्चाने झालं.

कारकून म्हणाला, "बाई, सही होताना तुम्हाला समोरून बघावं लागेल." तिची पावलं मला वळसा घालून पुढे आली. ऐकू आली. एक कान अजून चालतो.

"दादा, हात थंड पडायच्या आधी सही करा," ती म्हणाली.

मी डोळे मिटून सही केली. म्हणून ती वाकडी आहे आणि ओळ सोडून खाली गेली आहे. सही माझीच आहे, वाद घालू नये.

सही: बॉयलरवाला (वाकडी)
साक्षीदार एक: वकिलाचा कारकून
साक्षीदार दोन: पडदेवाली. ती आपलं नाव लिहीत होती. मी विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, "डोळे उघडून वाचा." मी वाचलेलं नाही.

स्थळ: माझी खोली, दुसरा मजला. तारीख सतरा, महिना अकरावा, बुधवार, दुपार.

पोरी, ती अजून समोर बसली आहे. डबा गार झाला, तरी जात नाही. माझ्याने डोळे उघडवत नाहीत. सहीपासूनच्या ओळी कारकुनाने जागा दाखवल्यावर चाचपडत लिहिल्या, हीही तशीच. ज्यांच्यावर पाठ फिरवली त्यांत तुम्ही दोघीच उरल्या आहात. ही पाठ कशी उठवायची ते नियमात नाही, पण तू तिच्यासमोर बसली होतीस, तेव्हा तुला ठाऊक असणार. येणार असशील तर कळव. येणार नसशील तरी कळव. उद्या म्हणू नकोस. लवकर कळव.